झील कुणी धरायची

मंचरच्या कांदा मार्केटमागे, एका आडत्याच्या गाळ्यावरच्या खोलीत, मी आयुष्यभर लोकांना "गप्प बसा" म्हणण्याचा धंदा केला. पाटीवर 'रेकॉर्डिंग स्टुडिओ' असं लिहिलं होतं. पण गाणं माइकात घ्यायला फारशी अक्कल लागत नाही, नको ते बाहेर ठेवायला लागते. खाली टेम्पो मागे घेताना वाजणारी पिपाणी, हमालांची हाळी, काट्यावरची भांडणं, हे सगळं देवाच्या भजनात शिरू पाहायचं. म्हणून चारी भिंतींना मी घोंगड्या ठोकल्या होत्या. पुण्याच्या स्टुडिओत भिंतींना फोम असतो म्हणे. आमच्या भागात मेंढरं आहेत, फोम नाही. घोंगडी आवाज झकास पिते. फक्त पावसाळ्यात खोलीला मेंढवाड्याचा वास यायचा आणि शहरातून आलेला एखादा गायक दारातच थबकून विचारायचा, "इथे काही मेलंय का?"

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर एकेक नग होता. बैलगाडा शर्यतीची गाणी हा आमच्याकडचा बारमाही माल. एका गाडामालकाला त्याच्या सोन्या बैलावर गाणं हवं होतं आणि त्यात सोन्याच्याच घुंगरमाळेचा आवाज हवा होता. मी म्हणालो, घेऊन या. माझ्या मनात माळ होती, त्याने बैल आणला. बैल काही जिना चढेना. शेवटी खिडकीतून माइक खाली सोडला. सोन्या दगडासारखा उभा राहिला, माळ काही वाजेना. इतक्यात शेजारच्या टेम्पोने हॉर्न मारला आणि सोन्या असा काही फुसकारला की माझ्या कानात दडा बसला. ते फुसकारणं मी गाण्याच्या सुरुवातीला टाकलं. गाणं शर्यतीच्या घाटाघाटांत वाजलं. पुढे कित्येक दिवस लोक विचारायचे, "अण्णा, ते सुरवातीला कोणतं वाद्य हाय?"

निवडणुकीत तर एकाच सरपंचपदाचे दोन उमेदवार एकाच दिवशी, वेगवेगळ्या जिन्यांवरून यायचे. माझ्या खोलीला दुसरा जिना होता, ही माझ्या धंद्याची खरी पुण्याई.

बाहेरच्या माणसाला या कामातली एकच गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढची सगळी हकीकत तिच्यावर उभी आहे. पूर्वी एका माइकापुढे सगळे बसायचे आणि जे होईल ते व्हायचं. कॉम्प्युटर आल्यावर प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक. डेअरीवर प्रत्येकाचं दूध आपापल्या किटलीत असतं, तोवर ते तपासता येतं, नको असेल तर परत करता येतं. एकदा टाकीत ओतलं की कुठलं दूध कुणाच्या म्हशीचं हे म्हशीलाही सांगता येत नाही. माझं काम म्हणजे किटल्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. तबल्याच्या माइकात गाणाऱ्याचा आवाज शिरू द्यायचा नाही आणि गाणाऱ्याच्या माइकात तबला. हे मला चांगलं जमायचं. तालुक्यात माझ्याइतकी माणसं वेगळी करणारा दुसरा कुणी असेल तर तो कोर्टात बसत असेल.

आता म्हातारबांविषयी सांगितलं पाहिजे. अवसरी बुद्रुकचे म्हातारबा हे धनगरी ओव्या गाणारे. घरची मेंढरं जाऊन शेती आली होती, गळा मात्र माळावरचाच राहिला होता. ओवीची रीत अशी की पुढचा गडी ओळ टाकतो आणि ती अर्ध्यावर सोडून देतो. मागचा झीलकरी ती उचलतो आणि पुरी करतो. आपण टाकलेली ओळ आपणच पुरी करायची नाही. आणि टाकलेली ओळ भुईवर पडू द्यायची नाही. म्हातारबांची झील त्यांचा चुलतभाऊ धरायचा. एकदा दोघं माझ्याकडे गायला बसले आणि ऐन रंगात चुलतभावाला ठसका लागला. ओळ अधांतरी राहिली. मी काचेमागून खूण केली, तुम्हीच पुरी करा, पुढे चला. म्हातारबांनी फेटा उचलला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "आज न्हाई व्हायचं. वळ पडली." मी किती समजावलं की यंत्रात ती नंतर जोडता येते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाच्या नावाने कोंबडी चोरायला सांगत होतो. पुढे तो चुलतभाऊ वारला आणि म्हातारबांनी गाणं बंद केलं. कुणी आग्रह केला तर एवढंच म्हणायचे, "उचलायला कोण हाय?"

त्यांचा मुलगा गणपत कॉलेजात गेला आणि गिटार घेऊन आला. सोबत दोन मित्र. जुन्नरचा युनूस, ज्याच्या वडिलांचा लग्नातला बँड होता, तो ड्रमवर. तळेघरचा वसंत बास गिटारवर. वसंताच्या गावाला गाड्या कमी, त्यामुळे निम्मी वाट चालून तो येईपर्यंत बाकीच्यांची तालीम आटोपलेली असायची. बँडचं नाव 'थ्री फेज'. तिघांपैकी एकजण कायम गायब, म्हणून मी म्हणायचो, नाव सिंगल फेज ठेवा. मंचर बाजारपेठेत रॉक म्हणजे काय हे सांगायची सोय नव्हती. खालचे आडते विचारायचे, "अण्णा, वर काय पाडकाम काढलंय का?" मलाही ते संगीत आवडायचं असं नाही. पण गणपत ओळ टाकून अर्ध्यावर सोडायचा आणि युनूस ड्रम वाजवता वाजवता ती उचलायचा, हे मी ओळखलं होतं. इंग्रजी झग्याच्या आत ओवीच होती. म्हातारबांनी ती ऐकली आणि म्हणाले, "ह्यो जुन्नरचा पोरगा झील बरी धरतोय." म्हातारबांकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं मला माहीत नाही.

त्यांची पहिली सीडी माझ्याकडेच झाली. कॉलेजांतून वाजली. पुण्याहून एका मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं आणि तिथेच माशी शिंकली. लग्नसराईचे दिवस होते. युनूसच्या वडिलांनी घोडेगावचं लग्न घेतलेलं, घरचा मुलगा हवाच. युनूस म्हणाला, तारीख पुढं ढकल. गणपतने ढकलली नाही. ड्रमला पुण्यातलाच एक वादक धरला. आणि गळा? सीडीच्या कामातले सगळे ट्रॅक त्याच्याजवळ होते. त्यातून युनूसची झील वेगळी काढली, लॅपटॉपवर लावली आणि स्टेजवर आपण टाकलेली प्रत्येक ओळ त्या डबीकडून उचलून घेतली. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचं चित्रण युनूसला पाठवलं.

चार दिवसांनी दोघं माझ्या खोलीत समोरासमोर आले.

"मी घोडेगावात वरातीत ताशा बडवत व्हतो," युनूस म्हणाला, "अन् माझा गळा पुण्यात गात व्हता. मला इचारलं व्हतं का?"

"तुझाच आवाज व्हता की. स्टेजवरनं तुझं नाव बी घेतलं."

"मयताचं घेत्यात तसं?"

गणपतने खांदे उडवले. युनूस जिना उतरून गेला, तो बारा-तेरा वर्षं परत चढला नाही. बँड संपला. गणपतने अवसरीला दूध संकलन केंद्र टाकलं, युनूसने वडिलांचा बँड सांभाळला, वसंत भात आणि नाचणी करत राहिला. भांडणं घरोघरी होतात. पण गळ्यावरून झालेलं हे मी पाहिलेलं एकमेव.

मधल्या काळात माझाही धंदा आटला. पोरं मोबाइलवर गाणी करू लागली. मी घोंगड्या झटकायच्या आणि परत लावायच्या, एवढंच काम उरलं. खोली सोडून द्यायच्या विचारात होतो, तेव्हा एक दिवस गणपत आला. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं.

"अण्णा, अल्बम करायचाय."

"कुणाबरोबर?"

तो बापाविषयी बोलू लागला. "दादांना ऐकू कमी येतंय. डॉक्टर म्हणत्यात, आजून कमी व्हत जाणार. त्यांची मेंढीची ओवी हाय ना, ती मला त्यांच्या कानात घालायची हाय, कान हायेत तवर. झिलीसकट."

झिलीसकट, म्हणजे युनूससकट. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मध्यस्थी वसंताने केली. त्याची पद्धत सोपी होती. त्याने युनूसला सांगितलं की गणपतने निरोप धाडलाय आणि गणपतला सांगितलं की युनूसने धाडलाय. दोघं आले, दोघांना कळलं, तोवर चहा आला होता. युनूसने ड्रमच्या कातड्यावर बोट वाजवून पाहिलं आणि गणपतकडे न बघता मला म्हणाला, "काका, वाजवीन. त्वांड उघडणार न्हाई."

अल्बमचं नाव ठरलं 'दिवसपाळी'. शेतीला दिवसा लाइट मिळाली तर जो आनंद होतो, तसा काहीतरी अर्थ. त्या अल्बममध्ये काय नव्हतं ते विचारा. एका गाण्यात बैलगाडा घाटातला निवेदक बारी, म्हणजे कुठल्या गाड्याची पाळी, ते पुकारतो आणि त्याच्याच लयीवर गिटार धावते. एकात युनूसच्या मामूंनी लग्नातली क्लॅरिनेट वाजवली, नवरी सासरी निघते तशी, आणि खाली वसंताचा बास भुईतून आल्यासारखा. एक गाणं तळेघरच्या फाट्यावर गाडीची वाट पाहण्याचं, त्यात शब्दच नाहीत, कारण गाडीच येत नाही. मी म्हणालो, अरे, ही काय पंचमेळ भाजी? गणपत म्हणाला, "येवढ्या वर्सांत तिघांनी तीन ठिकानी जे ऐकलं ते हाय. एकसारकं कसं व्हईल?" उत्तर बरं होतं. मी नोंद घेतली, कबूल केलं नाही.

एका गाण्यासाठी त्यांना आहुप्याच्या देवराईचा आवाज हवा होता. माझं वय डोंगर चढायचं नव्हतं, तरी तिघांबरोबर गेलो. सकाळची वेळ. माइक झाडाखाली लावला, तेवढ्यात गावातले एक म्हातारे बाबा आले. "काय चाललंय पावणं?"

"रानाचा आवाज घेतोय बाबा."

"रानातनं काडी बी न्यायची न्हाई. देवाचं हाय."

"काडी न्हाई हो. नुसता आवाज."

बाबांनी माइकभोवती एक फेरी मारली. "आवाज काय देवाचा न्हाई व्हय? ऐकायचा तर हितं बसून ऐका. न्यायचा कशापायी?"

मी, गणपत आणि वसंत एकमेकांकडे पाहू लागलो. युनूस मात्र हसला. त्या कामात तो पहिल्यांदाच गणपतकडे बघून बोलला. "ऐकलंस का राव? जंगलाच्या म्हाताऱ्याला कळतंय."

गणपतने मान खाली घातली. मग बाबांना म्हणाला, "तुमी इचारून सांगा देवाला. न्हाई म्हनला तर माइक उचलतो." बाबा राईत आत गेले, नारळ नाही, कौल नाही, नुसते उभे राहून आले. म्हणाले, "न्या. पर काय केलं त्याचं ते हितं यिऊन वाजवून दावा." पुढे ते केलं. बाबांना गिटार आवडली नाही, वारा आवडला.

राहता राहिली ओवी. आणि युनूसचं तोंड बंद ते बंदच. माझ्याकडे जुन्या सीडीतली त्याची झील हार्डडिस्कवर होती. आणि आता तर अशी सॉफ्टवेअरं आली आहेत की थोडा आवाज दिला तर उरलेलं सगळं ती गाऊन देतात, माणूस जुन्नरला घरी बसलेला असला तरी. मी गणपतला हे सांगितलं. धंद्याचा माणूस म्हणून सांगितलं, सल्ला म्हणून नाही. तो माझ्या खुर्चीत बसला होता. स्क्रीनवरच्या युनूसच्या आवाजाच्या पट्टीकडे पाहत राहिला. ऐकवू का म्हणालो तर नको म्हणाला.

"पुसा," म्हणाला.

"अरे, एकच प्रत आहे. तुझ्याकडची केव्हाच खराब झाली ना?"

"व्हय. म्हनूनच पुसा."

मी पुसली. खरं सांगायचं तर जिवावर आलं, चांगला गळा होता. "मग झिलीचं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "मोकळी जागा सोडायची. म्या वळ टाकनार अन् थांबनार. रिकामी तर रिकामी." मी म्हणालो, ते गाणं दात पडलेल्या तोंडासारखं वाजेल. तो म्हणाला, "वाजू द्या. दात पडलेच हायेत."

ओवीला मोजून ताल नसतो. गाणारा दम घेईल तेवढी ती लांबते. त्यामुळे यंत्राच्या टिकटिकीवर एकेकट्याने वाजवून नंतर जोडायची सोय नव्हती. तिघांनी एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवणं भाग होतं. मार्केटला सुट्टी होती तो दिवस धरला. टेम्पो नाहीत, हमाल नाहीत. ड्रमवर टांगलेले माइक आजूबाजूचं सगळंच ओढतात म्हणून मी गणपत आणि ड्रमच्या मध्ये दोन जास्तीच्या घोंगड्या दोरीवर टाकल्या. एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज. गणपतने वडिलांना आणलं होतं. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंच होतं, म्हणे. म्हातारबांना काचेच्या या बाजूला माझ्याजवळ बसवायला लागलो तर त्यांनी हात झटकला आणि आत जाऊन ड्रमशेजारच्या स्टुलावर बसले. "हितं छातीत वाजतंय," म्हणाले. "कानानं न्हाई तर छातीनं ऐकू." त्यांना तिथून उठवायची हिंमत माझ्यात नव्हती. मी फक्त ओठांवर बोट ठेवलं. त्यांनीही ठेवलं, समजल्यासारखं.

गाणं सुरू झालं. वसंताने बास धरला, युनूसने ढोलाच्या चालीने ड्रम. गणपतने ओळ टाकली,

काळी मेंढी मागं राहिली...

आणि थांबला. मोकळ्या जागेत नुसता ड्रम वाजत राहिला. दुसरी ओळ, तसंच. मी काचेमागून युनूसकडे पाहत होतो. त्याचा जबडा आवळलेला, नजर झांजेवर. हात चालत होते, पण प्रत्येक मोकळ्या जागेत त्याचा ठोका जरासा अडखळत होता. पायरी चुकल्यावर माणूस अडखळतो तसा. तिसऱ्या ओळीला म्हातारबांनी मान वर केली. त्यांना शब्द ऐकू येत असतील असं मला वाटत नाही. पण त्यांना मुलाचं तोंड उघडलेलं दिसलं, मग मिटलेलं दिसलं आणि पुढे काहीच नाही. ते इकडेतिकडे बघू लागले. कुणी उचलत का नाही, असं. चौथ्या वेळी गणपतने तीच मेंढीची ओळ परत टाकून सोडली आणि म्हातारबांनीच ती उचलली.

जन्मभर ज्याने ओळी टाकल्या, त्याने झील कधी धरलेली नव्हती. त्यात कान गेलेले. सूर वरचा लागला, उशिरा लागला आणि आवाज फाटला. अर्ध्यात दम संपला. ओळ पडायच्या बेतात होती. तेव्हा ड्रमवरून युनूसने ती धरली. हात न थांबवता, मान वाकडी करून, म्हाताऱ्याच्या कानाजवळ तोंड नेऊन, त्याच्या त्या चढलेल्या सुरात,

...मागं राहिली, तिला हाक मारा रं.

गणपत पुढची ओळ टाकायला विसरला. वसंताने बास वाजवत राहून त्याला वेळ दिला, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली. त्यानंतर शेवटपर्यंत प्रत्येक झील दोघांनी मिळून धरली, एक सुरात आणि एक सुराबाहेर. मी काचेमागे बसून रडलो. धंद्यात पहिल्यांदा. उगाच कशाला लपवू.

गाणं संपलं. पहिले बोलले ते म्हातारबाच, जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "वळ पडू द्यायची नसती रे पोरांनो. कोन झीलकरी हाय तुमचा?"

युनूस रुमालाने मान पुसत काचेच्या या बाजूला आला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्याकडं माझा जुना गळा हाय. तो पुसा आता."

"पुसलाय," मी म्हणालो. "गणपतने सांगितलं. आपण आहुप्याला जाऊन आल्यावर."

तो दारात आलेल्या गणपतकडे वळला. "मला बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर तू त्याच्यासाटी गायला असतास," गणपत म्हणाला. "तसलं नको व्हतं."

आणि तो परत आत वडिलांकडे गेला. मी युनूसला आताचं ऐकवलं. माझ्या धंद्याच्या हिशेबाने ते वाया गेलेलं काम होतं. युनूसपुढे गाण्याचा माइकच नव्हता. त्याचा आवाज, म्हातारबांचा आवाज, ड्रम, घोंगड्यांना न जुमानता आलेला गणपत, सगळं त्या टांगलेल्या माइकांत एकात एक शिरलेलं. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर भिंतींना मेंढरं ठोकली, तीच नेमकी झाली होती.

"म्हातारबांचा सूर लई चढलाय," युनूस म्हणाला. "जरा खाली घेता येईल का?"

"नाही. ओढला तर तुझाही येईल. तुझा काढला तर त्यांचा जाईल. दूध टाकीत गेलं."

"म्हंजी कुनालाच वेगळं काढता यायचं न्हाई?"

"मला नाही. आणि बहुतेक कुणालाच नाही."

त्याने काचेतून आत पाहिलं. गणपत वडिलांच्या कानाशी वाकून काहीतरी ओरडत होता आणि म्हातारबा मान हलवत होते.

"मग ऱ्हाऊ द्या," युनूस म्हणाला.

अल्बम आला. पुण्यातल्या जाणकारांनी कौतुक केलं, एकाने मात्र लिहिलं की शेवटच्या गाण्यात खोलीतला गोंगाट फार आहे, रेकॉर्डिस्ट हौशी दिसतो. बरोबरच आहे. त्यानंतर मी खोली सोडली. घोंगड्या उतरवल्या, एक म्हातारबांना दिली. परवा गणपतच्या डेअरीवर बसलो होतो, युनूसही होता, तेव्हा पुण्याहून एका कार्यक्रमवाल्याचा फोन आला. त्याला ओवीतली झील वेगळी करून हवी होती, झीलकरी येऊ शकला नाही तर स्टेजवर लावायला. गणपतने ऐकून घेतलं आणि फोन सरळ युनूसच्या हातात दिला.

"निघत न्हाई वेगळी," युनूस त्याला म्हणाला. "तारीख सांगा. म्या येतो."